सवाई माधवरावांचे तैलचित्र
सवाई माधवराव पेशवे (१७७४–९५) व नाना फडणीस यांचे एकत्रित व्यक्तिचित्र. जेम्स वेल्स (१७४७–९५) ह्या स्कॉटिश चित्रकाराने ते १७९२ मध्ये पुणे येथे रंगविले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे.

नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीसप्रभृती कारभाऱ्यांनी (बारभाई) रघुनाथरावाविरुद्ध तिचा पक्ष घेतला. पुरंदरावर जन्मलेल्या तिच्या मुलास चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळाली. कारभार मात्र नानांच्या हाती राहिला. चित्रात अठरा वर्षांच्या, रत्नालंकारांनी नटलेल्या पेशव्याशेजारीच नाना बसलेले दिसतात, ते यामुळेच. मुख दाखविताना छायाप्रकाशाने घनता आणण्याची यूरोपीय पद्धती वेल्सने अनुसरली आहे.

इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट हा वेल्सचा आश्रयदाता. त्याच्या प्रेरणेने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. गंगाराम तांबट हा तीतून पुढे आलेला चित्रकार. १७९५ मध्ये पेशवा व चित्रकार दोघेही निवर्तले. वेल्सची कन्या सुसॅना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये विवाह केला. सवाई माधवराव निपुत्रिक असल्याने पेशवाई रघुनाथरावाच्या वंशाकडे गेली.