दुहेरी कॅसेट डेक

दुहेरी कॅसेट डेक हे दोन कॅसेट एकाच वेळी बसवता येणारे घरगुती ध्वनिमुद्रण यंत्र आहे. एका कप्प्यातील कॅसेट वाजत असताना दुसऱ्या कप्प्यातील कोऱ्या कॅसेटवर तिची प्रत उतरवणे हे त्याचे मुख्य कार्य. बोलीभाषेत त्यास 'डबल कॅसेट' म्हणत. डेकला स्वतःचे स्पीकर नसल्याने तो अॅम्प्लिफायरला जोडावा लागतो. रेडिओ व स्पीकर अंगभूत असलेल्या काही 'टू-इन-वन' संचांतही दोन कप्प्यांची सोय असे. पुण्यातील रसिकांच्या घरी मैफिलींचे जे खासगी संग्रह झाले, त्यांच्या वाढीत या यंत्राचा वाटा आहे आणि त्या संग्रहांतील ध्वनीच्या उणिवांतही आहे.

रचना

नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॉम्पॅक्ट कॅसेट बाजारात आणली. तिची फीत सुमारे ३.८ मिलिमीटर रुंद असून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. बहुतेक दुहेरी डेकांत पहिला कप्पा केवळ वाजवण्यासाठी व दुसरा वाजवणे आणि मुद्रण या दोन्हींसाठी असतो. जलद प्रतिमुद्रणात दोन्ही फिती दुप्पट वेगाने धावतात, त्यामुळे ९० मिनिटांची कॅसेट ४५ मिनिटांत उतरते. एक कॅसेट संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची सोयही अनेक यंत्रांत होती.

प्रतीचा दर्जा

प्रत मूळ कॅसेटइतकी चांगली कधीच नसते. दोन्ही फितींची खरखर सारखी असेल, तर पहिल्याच प्रतीत ती सुमारे ३ डेसिबलने वाढते. प्रतीची प्रत काढल्यास आणखी भर पडते. जलद प्रतिमुद्रणात प्रत्येक स्वराची कंप्रता दुप्पट होऊन हेडपुढे येत असल्याने उंच पट्टीतील बारकावे प्रथम हरवतात.

हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने वेगातील चूक अधिक गंभीर ठरते. फीत सुमारे ६ टक्के जलद चालली, तर 'काळी एक'मध्ये गायलेला ख्याल 'पांढरी दोन'मध्ये ऐकू येतो. दोन कप्प्यांच्या वेगांत तफावत असेल तर ती प्रतीत कायमची मुद्रित होते आणि ऐकणाऱ्यास गायकाची खरी पट्टी कळत नाही. वेगातील हेलकावे तानपुऱ्याच्या संथ, अखंड स्वरात लगेच जाणवतात. व्याख्यान किंवा प्रवचन मात्र तिसऱ्या-चौथ्या प्रतीतही समजण्याजोगे राहते.

डॉल्बी पद्धतीने मुद्रित केलेल्या कॅसेटची प्रत काढताना बहुतेक यंत्रे ती प्रक्रिया वगळून संकेत जसाच्या तसा उतरवतात. म्हणून प्रत वाजवतानाही मूळचाच डॉल्बी प्रकार निवडावा लागतो. वेष्टनावर ही नोंद नसेल तर आवाज एक तर दबका, नाही तर कर्कश वाटतो.

पुण्यातील वापर

सवाई गंधर्व महोत्सव (१९५३ पासून) आणि वसंत व्याख्यानमाला (१८७५ पासून) यांसारख्या उपक्रमांमुळे शहरात जाणता श्रोतृवर्ग होता. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय संगीताच्या कॅसेट प्रकाशित केल्या. परंतु घरगुती बैठकांतील बरेचसे गायन प्रकाशित झाले नाही. ते स्पूल व कॅसेटवर मुद्रित होऊन परिचितांमध्ये प्रतींच्या रूपाने फिरले. 'कॅसेट भरून घेणे' हा वाक्प्रयोग याच व्यवहारातला. प्रत कोणी, कशावरून काढली याची नोंद सहसा ठेवली जात नसे, त्यामुळे एकाच मैफिलीच्या दोन प्रतींपैकी मुळाच्या जवळची कोणती हे आज केवळ ऐकून ठरवावे लागते.

कायदा

ब्रिटनमध्ये दुहेरी डेक बनवणाऱ्या अॅमस्ट्रॅड कंपनीविरुद्धच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८८ साली निर्माता दोषी नसल्याचा निर्णय दिला: यंत्रामुळे अवैध प्रत काढणे शक्य होते, पण त्याने तशी परवानगी दिली असे होत नाही. भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन अवैध प्रतींबद्दलची शिक्षा कडक झाली. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. केवळ स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण त्यातून वगळले आहे. खासगी वापराची सवलत ध्वनिमुद्रणांच्या प्रतींना स्पष्टपणे लागू झाली ती २०१२ च्या दुरुस्तीने, म्हणजे कॅसेटचा काळ सरल्यावर.

देखभाल

हेड, कॅपस्टन व रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागतात. जुन्या यंत्रांत रबरी पट्टे सैल किंवा चिकट होऊन वेग बदलतो. मौल्यवान कॅसेट लावण्यापूर्वी ते बदलणे आवश्यक असते. पावसाळ्यातील दमटपणामुळे फितीवर बुरशी धरते व ती हेडला चिकटून दुसऱ्या कॅसेटवर पसरू शकते. कॅसेटच्या कडेवरील दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडल्यास तिच्यावर नव्याने मुद्रण होत नाही. एकमेव प्रतीबाबत ही खबरदारी प्रथम घेतली जाते. संगणकावर उतरवताना हेडचा कोन त्या विशिष्ट फितीशी जुळवून घेतात, कारण ती ज्या डेकवर भरली गेली त्याचा कोन निराळा असू शकतो.