५८ चेंडूंत ४५ : स्मृतीला दहापैकी किती?

सामना संपला की विश्रामबागच्या कट्ट्यावर खेळाडूंना दहापैकी गुण देणे सुरू होते. मग २ नोव्हेंबर २०२५ च्या महिला विश्वचषक अंतिम सामन्यासाठी सांगलीच्या स्मृती मानधनाला किती द्यायचे?

धावफलक काय सांगतो?
स्मृती ५८ चेंडूंत ४५, शफाली वर्मा ७८ चेंडूंत ८७. दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ५ बळी. तिला पैकीच्या पैकी.

काय सांगत नाही?
स्मृती-शफालीच्या १०४ धावांच्या सलामीवर २९८ ची धावसंख्या उभी राहिली. अमनज्योत कौरच्या धावा अवघ्या १२. पण तिची थेट फेक आणि शतकवीर लॉरा वोल्वार्डचा झेल निर्णायक ठरले.

मग गुण कसे द्यावेत?
आधी भूमिका पाहावी, मग आकडे. स्मृतीला गावची म्हणून जास्त नकोत, अर्धशतक हुकले म्हणून कमीही नकोत. पायाभरणीचे गुण मात्र द्यावेतच.