बनावट खाती, खरा गलबला

एखाद्या विषयावर हजारो लोक खवळले आहेत, असे मोबाईलच्या पडद्यावर दिसते. ते हजारो लोक खरोखर अस्तित्वात आहेत काय, हा प्रश्न महाराष्ट्रात २०२० मध्ये ठळकपणे पुढे आला.

अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा १४ जून २०२० रोजी वांद्रे येथे मृत्यू झाला. मुंबई पोलिस व तत्कालीन महाविकास आघाडी सरकार प्रकरण दडपत आहे, असा आरोप ट्विटरवर सुरू झाला. अभिनेत्री रिया चक्रवर्ती तर शिव्याशापांचे लक्ष्यच ठरली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधील वैद्यकीय मंडळाने हत्येची शक्यता फेटाळली. त्याच सुमारास मुंबई पोलिसांनी सांगितले, की बदनामीसाठी समाजमाध्यमांवर ८० हजारांहून अधिक बनावट खाती उघडण्यात आली. त्यांवरील मजकूर इटली, जपान, पोलंड अशा देशांतूनही टाकला गेला.

हा आकडा जपूनच वाचायला हवा. तो देणारी यंत्रणा स्वतःच टीकेची धनी होती. शिवाय प्रत्येक बनावट खाते म्हणजे बॉट नव्हे. संगणकीय आज्ञावलीने आपोआप चालते, ते बॉट. काही बनावट खात्यांमागे पगारी माणूस असतो, तर आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवणारा हौशी कार्यकर्ता स्वतःच्या नावानेही वावरतो. वाचणाऱ्याला या तिघांतला फरक सहसा कळत नाही.

ट्विटरच्या 'ट्रेंड' यादीत विषय चढतो, तो केवळ एकूण संख्येवर नव्हे. अल्पावधीत उल्लेख किती वेगाने वाढले, याला अधिक महत्त्व असते. असा वेग निर्माण करणे यंत्राला सोपे जाते. यादीत आलेला विषय वृत्तवाहिन्या उचलतात. मग ज्या घरात कुणाचेही ट्विटरवर खाते नाही, अशा मुळशी तालुक्यातील चांदे गावातल्या घरातही संध्याकाळी दूरचित्रवाणीवर तोच वाद पोहोचू शकतो.

मात्र सारे खापर यंत्रावर फोडता येत नाही. मिशिगन विद्यापीठातील जोयोजीत पाल व सहकाऱ्यांनी या प्रकरणाचा २०२० मध्ये अभ्यास केला. 'हत्या' हा शब्द पुढे रेटण्यात राजकीय नेत्यांचा, विशेषतः भारतीय जनता पक्षाच्या नेत्यांचा, मोठा वाटा असल्याचे त्यांना आढळले. बॉट आवाज वाढवतात. सूर लावणारी माणसे नावागावानिशी समोरच असतात. सुशांतसिंह मूळचा बिहारचा, आणि त्या राज्याची विधानसभा निवडणूक त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होती!

केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. दरम्यान २०२३ मध्ये ट्विटरचे 'एक्स' झाले आणि संशोधकांना तेथून विनामूल्य मिळणारी माहितीही बंद झाली. त्यामुळे बॉट मोजणे आता पूर्वीपेक्षा अधिक कठीण झाले आहे.