फील्ड मार्शलची तिसरी पिढी

3 मार्च 2024 रोजी इस्लामाबादच्या राष्ट्रीय सभेत पंतप्रधानपदासाठी मतदान झालं. शाहबाज शरीफ यांना 201 मतं पडली आणि त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या उमर अयुब खान यांना 92. इम्रान खान यांच्या पक्षातर्फे जनतेच्या चोरलेल्या कौलाबद्दल बोलणारे हे उमेदवार म्हणजे पाकिस्तानचे पहिले लष्करी हुकूमशहा फील्ड मार्शल अयुब खान यांचे नातू. ऑक्टोबर 1958 मध्ये पाकिस्तानची राज्यघटना रद्द झाली, संसद बरखास्त झाली आणि लष्करी कायद्याची सूत्रं अयुब यांच्या हाती आली. तीन आठवड्यांच्या आत त्यांनी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनाही घरी पाठवलं. राजकारणी भ्रष्ट आहेत आणि देश लुटणाऱ्यांपासून सोडवायचा आहे, हे त्या उठावाचं जाहीर समर्थन होतं. 1959 च्या एका हुकमाने जुन्या राजकारण्यांपुढे दोनच वाटा ठेवल्या: चौकशीला सामोरं जा, नाहीतर 1966 अखेरपर्यंत राजकारण सोडा. बहुतेकांनी राजकारण सोडलं. हा हुकूम लागू असतानाच, 1965 मध्ये, अयुब यांचे पुत्र गोहर राष्ट्रीय सभेचे सदस्य झाले होते.

लष्करी राजवट गेली की तिचे लाभार्थीही जातात, असा एक समज आहे. पाकिस्तानचा अनुभव याच्या उलट आहे. राज्यकर्त्याची खुर्ची मुलाला मिळत नाही हे खरं, पण सत्ता हातात असताना ती कंपनीच्या शेअरमध्ये, मतदारसंघात आणि सोयरिकीत मुरवता येते. असं मुरलेलं बळ पुढच्या कुठल्याही राजवटीत, कुठल्याही पक्षात चालतं, कारण त्याच्या अंगावर गणवेश नसतो. त्यासाठी दोन गोष्टी मात्र लागतात: भरपूर वेळ आणि पाय रोवायला स्वतःची जमीन.

गोहर अयुब सँडहर्स्टला शिकले, कॅप्टन झाले, काही काळ वडिलांचे एडीसी (लष्करी साहाय्यक) राहिले. सैन्यातून लवकर बाहेर पडून त्यांनी सासरे लेफ्टनंट जनरल हबीबुल्ला खान खटक यांच्या जोडीने उद्योगात पाऊल टाकलं. 1963 मध्ये जनरल मोटर्सचा कराचीतला गाड्या जोडण्याचा कारखाना गंधारा इंडस्ट्रीज या नव्या कंपनीकडे आला. तिथे बेडफर्ड ट्रक तयार होत. कपाळावर लाकडी मुकुट, खाली झुलणाऱ्या साखळ्या, दोन्ही अंगांना मोर, वाघ आणि शेर-शायरी रंगवलेला जो ट्रक पाकिस्तानची ओळख म्हणून जगभर छापला जातो, तो बहुतेक वेळा बेडफर्डच असतो. हा धंदा चालण्यासाठी काय काय लागत असेल याचा विचार केला, तर सगळा मामला ध्यानात येतो. सुटे भाग परदेशातून येणार, म्हणजे आयातीचा परवाना हवा. परकीय चलन हवं, आणि तेही सरकारी दराने. एका डॉलरला 4.76 रुपये हा तेव्हाचा अधिकृत दर. निर्यातदारांना मिळणारी, आयातीचा हक्क देणारी बोनस व्हाउचरं बाजारात दर्शनी किमतीहून कितीतरी चढ्या भावाने विकली जात, यावरूनच डॉलरचं खरं मोल कळतं. सरकारी दराने डॉलर मिळालेल्या माणसाचा निम्मा नफा कारखान्याचं दार उघडण्याआधीच झालेला असे. या सगळ्या परवानग्या जिथून निघत, त्या यंत्रणेच्या शेंड्यावर गोहर यांचे वडील बसले होते.

इथला पहिला आक्षेप मी हलका मानत नाही. गोहर कर्तबगार नव्हते असं कोण म्हणतं? राष्ट्राध्यक्षाच्या मुलाने धंदा करूच नये का? शिवाय त्या काळात श्रीमंत झालेले ते एकटे नव्हते. एप्रिल 1968 मध्ये नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी कराचीत सांगितलं, की 22 घराण्यांच्या हाती देशातला दोन तृतीयांश उद्योग, 80 टक्के बँकिंग आणि 97 टक्के विमा आहे. त्यांतली कित्येक घराणी जुन्या व्यापारी जमातींची होती. हबीब घराण्याची बँक तर 1941 मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली आणि फाळणीनंतर कराचीला गेली. पण या आक्षेपात एक फरक निसटतो. व्यापारी घराण्यांना परवाना मिळवण्यासाठी सत्तेच्या दारात उभं राहावं लागे, आणि गोहर यांचं घर दाराच्या आत होतं. त्यांच्या अंगी गुण असतीलही, पण ते गुण ज्या बाजारात पारखले जायचे, त्याचे नियम वडिलांच्या सहीने ठरत होते. अशा यशातला गुणांचा वाटा किती आणि सहीचा किती, हे कुणालाच वेगळं काढता येत नाही. माझ्या मते खरी हानी तिथेच आहे. अयुब यांच्या दशकात पाकिस्तानचे कारखाने खरोखर वाढले. तरीही 1968-69 मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा 22 घराणी आणि राष्ट्राध्यक्षाचा मुलगा एकाच घोषणेत आले.

जानेवारी 1965 ची निवडणूक यात विसरता येत नाही. 80,000 मूलभूत लोकशाही सदस्यांनी, म्हणजे अयुब यांच्या व्यवस्थेतल्या स्थानिक लोकप्रतिनिधींनी, राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता. अयुब यांच्यासमोर फातिमा जिना उभ्या होत्या, मुंबईत दवाखाना चालवलेल्या दंतवैद्य, महंमद अली जिनांच्या भगिनी. अयुब जिंकले, पण कराचीने फातिमांना कौल दिला. निकालानंतर गोहर यांच्या नेतृत्वाखाली कराचीत विजयाची मिरवणूक निघाली, फाळणीनंतर भारतातून आलेल्या मुहाजिरांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. गोहर यांनी जबाबदारी नाकारली, पण कराचीच्या स्मरणात ती मिरवणूक त्यांच्याच नावाने राहिली.

25 मार्च 1969 ला अयुब यांनी सत्ता सोडली आणि 1972 मध्ये झुल्फिकार अली भुट्टोंनी गंधाराचं राष्ट्रीयीकरण केलं. इथेच सगळं संपायला हवं होतं. मात्र 1992 च्या खासगीकरणात कंपनी खटक घराण्याच्या बिबोजी समूहाकडे परत आली आणि आज ती इसुझू गाड्या जोडते. गोहर तर राजकारणातून कधी बाहेर गेलेच नाहीत. 1990 ते 1993 ते राष्ट्रीय सभेचे सभापती होते, आणि मे 1998 च्या अणुचाचण्यांच्या वेळी नवाझ शरीफ यांचे परराष्ट्रमंत्री. मुलगा उमर 2002 मध्ये लष्करशहा परवेझ मुशर्रफ यांच्या बाजूच्या मुस्लिम लीगकडून निवडून आला आणि अर्थ खात्याचा राज्यमंत्री झाला. मग नवाझ यांचा पक्ष, मग 2018 मध्ये इम्रान यांचा, आणि तिथे केंद्रीय मंत्रिपद. पक्ष बदलत गेले, हरिपूर बदललं नाही. हजारा भागातलं हे मूळ गावठाण हीच या घराण्याची खरी पुंजी. अयुब राष्ट्राध्यक्ष असतानाच त्यांचे धाकटे भाऊ सरदार बहादूर खान राष्ट्रीय सभेत विरोधी पक्षनेते होते, हे इथे आठवावं. एकच घर दोन्ही बाकांवर बसण्याची रीत तेव्हापासूनची. पुढे, अयुब यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या जनरल याह्या खान यांचे निकटवर्ती मेजर जनरल गुलाम उमर यांचे दोन पुत्र, असद उमर आणि महंमद झुबैर, एकमेकांच्या विरोधी पक्षांत मोठ्या पदांवर गेले: एक इम्रान यांचे अर्थमंत्री, दुसरे नवाझ यांच्या पक्षातर्फे सिंधचे राज्यपाल.

नंतरचे लष्करशहा झिया उल हक यांच्या घरात उद्योगाचा असा ठळक पसारा दिसत नाही. पुत्र इजाझ उल हक परदेशी बँकेत नोकरीला होते. ऑगस्ट 1988 मध्ये बहावलपूरजवळ विमान कोसळून झिया गेले, तेव्हा अकरा वर्षांच्या राजवटीने घडवलेला मौलवी, व्यापारी आणि अधिकाऱ्यांचा गोतावळा त्यांच्यामागे उभा राहिला. इजाझ नवाझ यांच्या मंत्रिमंडळात आले, पुढे मुशर्रफ यांच्या काळात धार्मिक व्यवहार मंत्री झाले. झिया जालंधरचे, पाकिस्तानात उपरेच. पण ते अराईं बिरादरीचे, आणि बहावलनगर भागात अराईं शेतकऱ्यांची दाट वस्ती. इजाझ यांचा मतदारसंघ तिथेच.

याच्या उलट याह्या आणि मुशर्रफ. याह्यांना तीन वर्षंही मिळाली नाहीत आणि ती ढाक्याच्या शरणागतीत संपली. त्यांच्या घरातून राष्ट्रीय पातळीवरचा नेता निघाला नाही. मुशर्रफ यांच्याकडे जवळजवळ नऊ वर्षं होती, पण दिल्लीहून आलेल्या या मुहाजिर कुटुंबामागे ना गाव होतं ना बिरादरी. 2013 मध्ये त्यांच्या पक्षाला राष्ट्रीय सभेची एकच जागा मिळाली, तीही दूरच्या चित्रालची. मुलं राजकारणात आलीच नाहीत. नुसती सत्ता पुरत नाही, ती रुजवायला माती लागते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. भुट्टो आणि शरीफ ही घराणी नाहीत का? मग फक्त जनरलांच्या मुलांवर बोट का? घराणेशाही नागरी पक्षांतही आहे, यात वादच नाही. पण ही दोन्ही झाडं कुठे लागली ते पाहावं. झुल्फिकार अली भुट्टो 1958 पासून अयुब यांच्या मंत्रिमंडळात होते. नवाझ शरीफ यांना 1981 मध्ये पंजाबचे अर्थमंत्री केलं ते झिया यांचे राज्यपाल जनरल गुलाम जिलानी यांनी. जुने नेते बाद करायचे आणि नव्यांची भरती मर्जीने करायची, हा लष्करी राजवटीचा कारभारच घराणी जन्माला घालतो. काही जनरलांच्या घरात, काही बाहेर.

राहता राहिली उमर अयुब यांची आजची अवस्था. इम्रान यांच्या अटकेनंतर 9 मे 2023 ला झालेल्या दंगलींच्या खटल्यात त्यांना जुलै 2025 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, खासदारकीही गेली. मग विशेषाधिकार कुठे उरला, असं कुणी विचारेल. लष्कर माजी सरसेनापतीच्या नातवाचं देणं लागत नाही, एवढंच यातून दिसतं. त्या खटल्यांत ज्यांचं नावही वर्तमानपत्रात आलं नाही अशी साधी माणसंही तुरुंगात गेली. उमर यांना मात्र शिक्षा झाली ती विरोधी पक्षनेते असताना, आणि त्या पदापर्यंतची वाट हरिपूरहून, आजोबांच्या नावावरून जाते.

मे 2025 मध्ये लष्करप्रमुख असीम मुनीर फील्ड मार्शल झाले. अयुब यांच्यानंतर हा हुद्दा मिळवणारे ते पहिलेच. त्याआधी, जून 2023 मध्ये, परदेशी गुंतवणुकीसाठी एक विशेष परिषद स्थापन झाली. तिच्या सर्वोच्च समितीत लष्करप्रमुख बसतात, आणि शेती, खाणी, ऊर्जा, माहिती तंत्रज्ञान ही क्षेत्रं तिच्या कक्षेत येतात. साठच्या दशकात आयात परवान्याच्या टेबलावर जे ठरत होतं, ते आज या समितीच्या टेबलावर ठरतं. तिथून कुठली खाण, कुठली जमीन कोणत्या कंपनीच्या नावावर जाते आणि त्या कंपनीचे भागधारक कुणाचे मुलगे, कुणाचे जावई आहेत, ही यादी पाकिस्तानच्या संसदेने आजच मागायला हवी. गंधाराच्या वेळी संसद होती, पण ती यादी मागण्याचं बळ तिच्यात नव्हतं.