तळ्यातले मासे का मरतात?

तळे म्हटले की घाट, देऊळ आणि कमळे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. आपल्या जिल्ह्यात वाशीमचे पद्मतीर्थ व देवतलाव आहे, कारंज्याचा ऋषितलाव आहे आणि गावोगावी लहानमोठे सिंचन तलाव आहेत. या तलावांवर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचे पोटही अवलंबून असते. मच्छीमारांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, पावसाळ्यात मत्स्यबीज सोडतात आणि वर्षभर वाट पाहतात. अशा तलावात एके सकाळी मेलेल्या माशांचा खच तरंगताना दिसला, की पहिला शब्द निघतो, “विष टाकले!” मग संशय, भांडण आणि पोलीस चौकी. हा संशय कधी खराही असतो. परंतु पुष्कळदा मासे गुदमरून मेलेले असतात. ते कसे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मासाही श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांवाटे घेतो. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पण एक लिटर पाण्यात, २० अंश सेल्सिअस तापमानाला, जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले तर साडेसातच. हे प्रमाण ५ च्या खाली गेले की मासा अस्वस्थ होतो आणि २ च्या खाली गेले की कटला, रोहू, मृगळ यांचे जगणे कठीण होते. म्हणजेच माशाची शिल्लक मुळातच थोडी असते.

या शिल्लकेत रोज चढउतार होतो. पाण्यातील शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि जिवाणू सगळे मिळून तो वापरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी असतो. माझे वडील तलावावर जाळे टाकतात. वारा पडलेल्या ढगाळ, उकाड्याच्या रात्री ते बेचैन असतात आणि पहाटे “मासा वर आला का, बघ” म्हणतात. वर आलेला मासा पृष्ठभागाशी तोंड उघडून हवेसाठी धडपडत असतो, हे मला कॉलेजात आल्यावर उमगले.

मग ही शिल्लक इतकी घटते कशाने? पहिले कारण म्हणजे कुजणारे पदार्थ. सांडपाणी, निर्माल्य, अन्न, मेलेली जलपर्णी हे सर्व जिवाणूंचे खाद्य आहे; ते फस्त करताना जिवाणू प्राणवायू संपवतात. मुंबईच्या वाळकेश्वर येथील बाणगंगा तलावाचे उदाहरण बोलके आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या तलावाचे पाणी गोडे आहे. पितृपक्षात तेथे पिंड आणि अन्न पाण्यात सोडले जाते आणि त्यानंतर मासे मेल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत; २०२२ मध्येही तसेच झाले. श्रद्धेने वाहिलेले अन्नच माशांच्या जिवावर उठले.

दुसरे कारण ऋतूचे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, तळाचे थंड राहते आणि तळाशी कुजलेल्या गाळामुळे प्राणवायू उरत नाही. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाने व वाऱ्याने हे थर एकदम मिसळले, की सगळेच पाणी निकृष्ट होते. त्याच पावसाबरोबर शेतातील खत आणि फवारणीचे औषध वाहून आले, तर संकट दुप्पट.

गुदमरणे आणि विषबाधा ओळखावी कशी? प्राणवायू संपला तर मरण बहुधा पहाटे येते, मोठे मासे आधी मरतात आणि बाहेरची हवा घेऊ शकणारे मरळ व मागूर पुष्कळदा वाचतात. विष असेल तर वेळकाळ राहत नाही. लहान मासे, बेडूक, पाणकिडे हेही मरतात. ही लक्षणे म्हणजे पुरावा नव्हे, त्यासाठी पाण्याची तपासणीच हवी. पण नमुना दुपारी घेतला तर तोवर उन्हाने प्राणवायू पुन्हा वाढलेला असतो आणि पहाटेचे कारण कागदावर येतच नाही. म्हणून मासा वर आला, की त्याच वेळी पाणी तपासले पाहिजे.

उपायही आवाक्यातले आहेत. सांडपाणी तलावाबाहेर वळवावे, निर्माल्य कुंडात टाकावे, जलपर्णी कुजण्यापूर्वी काढावी. पहाटे मासे वर दिसताच इंजिन लावून तलावाचेच पाणी उंच उडवून परत तलावात पाडावे. पडता पडता ते हवा घेते.

मेलेल्या माशांमागे एका घराचे वर्षाचे उत्पन्न जाते, त्यावर खोटा संशय आला तर शेजारही जातो. शास्त्र कोणाचा मासा परत आणून देणार नाही. पण निदान शेजार्‍यावर बोट रोखण्याआधी पाण्याकडे पाहायला ते आपल्याला शिकवील.