टपाल आज्ञावलीचे परिचालन प्रणालीशी संयोजन

संगणकाच्या परिचालन प्रणालीत अंगभूत असलेल्या ई-टपालसेवेच्या जागी अन्य निर्मात्याची टपाल आज्ञावली बसवून ती प्रणालीच्या उरलेल्या सेवांशी जुळविण्याची क्रिया. संगणकावरून टपाल केवळ माणसेच पाठवितात असे नाही. युनिक्समध्ये ठराविक वेळी कामे चालविणारी ‘क्रॉन’ ही सेवाही आपले वृत्त ई-टपालानेच कळविते. आज्ञावली बदलताना ही अंतर्गत वाट खुली ठेवावी लागते.

एरिक ऑल्मन यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लिहिलेली ‘सेंडमेल’ ही आज्ञावली १९८३ पासून बर्कली युनिक्सबरोबर मिळू लागली. टपाल पाठविण्यासाठी इतर आज्ञावल्या तिलाच नावाने पाचारण करू लागल्या. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने सेंडमेलमधील दोषशोधनाच्या सोयीचाही गैरवापर केला. पुढे वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये तयार केलेली ‘पोस्टफिक्स’ १९९८ मध्ये प्रसृत झाली. तिच्यात काम अनेक लहान प्रक्रियांत विभागलेले असून बहुतेक प्रक्रियांना मर्यादित अधिकार असतात. ॲपलने २००३ मध्ये मॅक ओएस एक्सच्या १०·३ या आवृत्तीत सेंडमेलऐवजी तिचा स्वीकार केला.

नाव व पोर्ट : जुन्या आज्ञावल्यांत फेरफार करावा लागू नये म्हणून पोस्टफिक्स ‘सेंडमेल’ याच नावाची आज्ञा पुरविते. नेटबीएसडी व फ्रीबीएसडी या प्रणालींत त्या नावाच्या जागी एक मध्यस्थ आज्ञावली असते. ती एका धारिकेत पाहून मागणी योग्य आज्ञावलीकडे वळविते. बाहेरून येणारे टपाल पोर्ट क्रमांक २५ वर स्वीकारले जाते. एका पत्त्यावरील हा पोर्ट सामान्यतः एकाच सेवेच्या ताब्यात असू शकतो. म्हणून जुनी सेवा थांबविल्याखेरीज नवी सुरू होत नाही. १०२४ च्या खालचे पोर्ट उघडण्याचा अधिकार युनिक्समध्ये परंपरेने ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडेच असतो.

ओळख-पडताळणी : पोस्टफिक्स परवलीचा शब्द स्वतः तपासत नाही, ते काम ‘डव्हकॉट’सारख्या आज्ञावलीकडे सोपविता येते. डव्हकॉट ‘पॅम’ या यंत्रणेमार्फत परिचालन प्रणालीतील खात्यांचा आधार घेऊ शकते. त्यामुळे वापरकर्त्याला एकच परवलीचा शब्द पुरतो. परंतु टपालाचा शब्द फुटल्यास संगणकातील खातेही धोक्यात येते. म्हणून टपालखात्यांची स्वतंत्र यादी ठेवण्याचीही पद्धत आहे.

दोष व दक्षता : विश्वसनीय संगणकांची व्याप्ती चुकून मोकळी सोडल्यास कोणीही परका त्या संगणकामार्फत टपाल पाठवू शकतो, अशा संगणकाचा पत्ता काळ्या यादीत जाऊन त्याचे प्रामाणिक टपालही नाकारले जाते. याउलट रूटच्या नावे येणारे टपाल कोणा जबाबदार व्यक्तीकडे वळविले नसेल, तर तबकडी निकामी होत असल्याची सूचनाही न वाचलेल्या पेटीत पडून राहते. हा दोष बाहेरच्या टपालाच्या चाचणीत दिसत नाही. यासाठी बाहेरून आलेले, बाहेर जाणारे व प्रणालीने स्वतः पाठविलेले अशा तिन्ही प्रकारच्या टपालाची पोच तपासणे आवश्यक असते; परिचालन प्रणालीची आवृत्ती बदलल्यावरही ही तपासणी पुन्हा करावी लागते.