व्यसनाचा पैसा, उद्योगाचे भांडवल

ग्रामीण भागात एखादा लहान उद्योग सुरू करण्याचा विषय निघाला की, "भांडवल कोठून आणावयाचे?" हा प्रश्न सर्वप्रथम पुढे येतो. हा प्रश्न खोटा नाही. परंतु ज्या घरात तो विचारला जातो, त्याच घरातून पुष्कळदा तंबाखू, विडी, सिगारेट किंवा मावा यांवर दररोज काही रक्कम बाहेर जात असते. ही रक्कम एका वेळी इतकी अल्प असते की, खर्च म्हणून तिची नोंद कोणी ठेवीत नाही. किराणा, शाळेची फी, वीजबिल यांचा हिशेब घरात होतो. खिशातील पुडीचा होत नाही. हा न मांडलेला हिशेब मांडणे आणि त्यातून उभी राहू शकणारी रक्कम एखाद्या छोट्या ऑनलाइन व्यवसायाकडे कशी वळविता येईल याचा विचार करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

महाराष्ट्रातील चित्र

व्यसनाचा विषय निघाला की धूम्रपानाचे चित्र डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राची वस्तुस्थिती मात्र काहीशी निराळी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजेच येथील मुख्य प्रश्न धुराचा नसून चुना-तंबाखूचा, माव्याचा आणि मिश्रीचा आहे. मिश्रीची सवय तर अनेक ठिकाणी स्त्रियांमध्येही आढळते आणि दात घासण्याचे साधन म्हणून ती व्यसनात गणलीही जात नाही.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या मालावर पैसा खर्च होतोच आणि तो अधिक दराने होतो. तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आर्थिक भार याहून कितीतरी मोठा आहे. २०१७-१८ या वर्षी देशातील ३५ वर्षे व त्यावरील वयोगटात हा भार १,७७,३४१ कोटी रुपये इतका होता, असा अंदाज करण्यात आला आहे. त्यात औषधोपचाराच्या खर्चाबरोबरच बुडालेल्या रोजगाराचा आणि अकाली मृत्यूमुळे झालेल्या हानीचाही समावेश आहे.

एका पुडीचा हिशेब

नमुन्यादाखल एक साधे उदाहरण घेऊ. एखादी व्यक्ती दहा रुपयांच्या तीन पुड्या दररोज वापरते असे समजल्यास तिचा रोजचा खर्च तीस रुपये होतो. महिन्याचे नऊशे रुपये झाले, वर्षाचे १०,९५० रुपये झाले. हेच दरमहा नऊशे रुपये टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत भरले, तर २०२४ साली लागू असलेल्या ६.७ टक्के व्याजदराने मुदतीअखेर सुमारे ६४ हजार रुपये हाती येतात. प्रत्येकाने आपल्या सवयीचा खरा आकडा घेऊन हे गणित करावे. सिगारेट ओढणाऱ्याचा आकडा याहून मोठा निघेल, मिश्री वापरणाऱ्याचा लहान निघेल.

या आकड्याची तुलना महिला बचत गटांशी केल्यास त्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. अनेक गटांत सदस्य दरमहा शंभर रुपये बचत करतात. मजुरीतून हे शंभर रुपये बाजूला काढताना त्यांना किती ओढाताण करावी लागते, हे गावोगावचे कार्यकर्ते जाणतात. वरील उदाहरणातील एका माणसाची तंबाखू म्हणजे अशा नऊ सदस्यांची मासिक बचत होय. एकाच घरात पत्नी शंभर रुपये जमवीत असेल आणि पती नऊशे रुपये थुंकून टाकीत असेल, तर त्या घराला भांडवल मिळत नाही असे म्हणता येत नाही. ते मिळते, परंतु टिकत नाही.

सोडलेला पैसा उरत का नाही?

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्यसन सोडले की पैसा आपोआप शिल्लक पडतो, असा समज आहे. अनुभव तसा नाही. तीस रुपये वाचले की त्यातील दहा चहाला जातात, दहा मोबाईलच्या रिचार्जला, उरलेले मुलांच्या खाऊला. वर्षाअखेर व्यसन सुटलेले असते, पण हाती काहीच नसते. मग "सोडून काय मिळाले?" हा प्रश्न मनात येतो आणि पुडी पुन्हा खिशात येते.

याचे कारण व्यसनाचा खर्च हा रोजचा खर्च आहे. म्हणून त्याची बचतही रोजचीच असली पाहिजे. ज्या वेळी पुडी घेतली जात असे, त्याच वेळी ती रक्कम वेगळ्या डब्यात टाकावी आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ती टपाल कार्यालयात, बँकेत किंवा बचत गटाच्या खात्यात जमा करावी. पैसा शक्यतो व्यसन सोडणाऱ्याच्या हाती राहू नये. पत्नी, आई किंवा मोठी मुलगी यांच्याकडे तो सोपवावा आणि साध्या वहीत तारीखवार नोंद ठेवावी. ही वही दुहेरी काम करते. तिच्यात रक्कम वाढताना दिसते आणि सुटलेला प्रत्येक दिवसही मोजला जातो.

सवय सुटावी कशी?

तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य शरीराला सवय लावते. ते बंद केल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसतात. पहिल्या आठवड्यात ती तीव्र असतात आणि साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तल्लफ येते ती बहुधा काही मिनिटांपुरतीच. तेवढा वेळ पाणी पिणे, बडीशेप चघळणे किंवा दुसऱ्या कामात हात गुंतविणे उपयोगी पडते. जेवणानंतर, चहाबरोबर, पारावर बसल्यावर अशा ज्या ज्या प्रसंगी सवयीची आठवण होते, ते प्रसंग आधीच ओळखून ठेवावेत.

केवळ मनोनिग्रहावर विसंबून राहण्याची आवश्यकता नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन केंद्रेही चालविली जातात. जिल्हा रुग्णालयात त्याविषयी चौकशी करावी. एखादे वेळी पुन्हा पुडी घेतली गेली, तर तो पराभव समजू नये. दुसऱ्या दिवसापासून वही पुन्हा सुरू करावी. मात्र जमलेल्या रकमेला हात लावू नये, हा नियम कसोशीने पाळावा.

बाजारपेठ दारात आली, पण...

मसाले, चटण्या, पापड, लोणची, गोधड्या, बांबूच्या वस्तू अशा अनेक वस्तूंना पूर्वी तालुक्याच्या बाजारापलीकडे ग्राहक मिळत नसे. स्मार्टफोन, २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची पद्धत आणि टपाल व कुरिअर सेवा यांमुळे हे अंतर कमी झाले आहे. बचत गटांच्या उत्पादनांसाठी केंद्र शासनाचे 'ई-सरस' हे ऑनलाइन विक्रीकेंद्रही आहे. वजनकाटा, पिशवीचे तोंड बंद करणारे लहान यंत्र, पिशव्या, लेबले आणि पहिल्या खेपेचा कच्चा माल एवढ्यावर घरगुती चटणी-मसाल्याचा आरंभ होऊ शकतो. दहा-अकरा हजार रुपयांची एक वर्षाची बचत त्यासाठी पुरेशी ठरू शकते.

तथापि ऑनलाइन व्यवसाय म्हणजे विनाकष्टाचा पैसा नव्हे. पाव किलो चटणीच्या पाकिटाला कच्चा माल, पिशवी व मजुरी मिळून ६८ रुपये खर्च आला आणि ते १२० रुपयांना विकले, तर ५२ रुपये सुटल्यासारखे वाटतात. पण ते एक पाकीट दूर पाठविण्यास ५० रुपये लागले, तर हाती उरतात केवळ दोन रुपये. तेच चार पाकिटे एकत्र पाठविली आणि पार्सलला ९० रुपये लागले, तर ११८ रुपये उरतात. विक्रीकेंद्राने दहा टक्के दलाली घेतल्यास त्यातून आणखी ४८ रुपये वजा होतात आणि ७० रुपये राहतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तत्त्व मात्र सर्वत्र लागू आहे. सुटे पाकीट विकण्याऐवजी संच विकावा, फुटणारा व लवकर नासणारा माल आरंभी टाळावा आणि परत आलेल्या मालाचा खर्च किमतीत धरावा.

नियमांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. खाद्यपदार्थ विकण्यासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी आवश्यक आहे. पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, कमाल किरकोळ किंमत, घटकपदार्थ आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, वार्षिक ४० लाख रुपयांच्या मर्यादेतील लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन विक्रीकेंद्रामार्फत राज्याच्या आत माल विकण्यास कर-नोंदणीची सक्ती नाही; केवळ नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवावयाचा झाल्यास नियम निराळे आहेत, म्हणून जाणकाराचा सल्ला घ्यावा.

ऑनलाइन व्यवहारात फसवणुकीचा धोकाही असतो. "घरबसल्या दुप्पट कमाई", "आधी नोंदणी शुल्क भरा" अशा जाहिरातींपासून दूर राहावे. पैसे मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी पुष्कळ नुकसान टळते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. व्यसनातून सोडविलेला पैसा ठकाच्या हाती जाणे, यासारखी दुसरी हानी नाही.

घाई नको

व्यसन सोडल्याच्या उत्साहात पहिल्याच महिन्यात कर्ज काढणे योग्य नव्हे. पहिले वर्ष हे सवय सुटण्याचे आणि धंदा शिकण्याचे वर्ष समजावे. या काळात थोडा माल तयार करून ओळखीच्या दहा-वीस घरांत द्यावा, त्यांची मते ऐकावीत, चव व वजन यांत सातत्य आणावे. वर्षभराची नियमित बचत दाखविणारे पासबुक हाती असले, तर पुढे बँकेकडे जाताना त्याचा उपयोग होतो. पंतप्रधान मुद्रा योजनेत 'शिशु' गटाखाली ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. पण स्वतःचे भांडवल गुंतलेले असेल तरच कर्जाचा भार पेलतो. धंदा चाललाच नाही, तरी बचतीतून केलेल्या आरंभात बुडते ती स्वतःची मर्यादित रक्कम. घरावर सावकार येत नाही.

पंचायत, शाळा आणि अधिकारी

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास मनाई आहे. ग्रामपंचायतीने या तरतुदींचे फलक लावावेत आणि सभेत तंबाखू न खाण्याचा नियम प्रथम सदस्यांनी पाळावा. पानटपरी चालविणाऱ्यासही पोट असते. त्याला दूध, फळे, स्टेशनरी किंवा ऑनलाइन मागणीच्या पार्सलांची देवघेव अशा पर्यायी व्यवसायाकडे वळण्यास साहाय्य करणे हे केवळ मनाई करण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

शिक्षकांना हा विषय गणिताच्या तासाला सहज घेता येईल. रोजच्या खर्चावरून वार्षिक खर्च काढणे, चक्रवाढ व्याज, नफा-तोटा ही सर्व उदाहरणे एका पुडीत आहेत. मात्र कोणाच्या वडिलांचे नाव घेऊन मुलाला संकोचात टाकू नये. आकडा फळ्यावर राहिला तरी तो घरी पोहोचतो. विस्तार अधिकारी आणि बचत गटांचे कार्यकर्ते यांनी व्यसनमुक्ती व उद्योग प्रशिक्षण हे दोन स्वतंत्र कार्यक्रम न समजता एकाच बैठकीत दोन्हींची माहिती द्यावी. ज्याला पुढे काही करावयाचे आहे, त्याला मागचे सोडणे सोपे जाते.

संत गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून व्यसन आणि कर्ज या दोहोंवर एकाच वेळी प्रहार केला, कारण गरिबाच्या घरात ही दोन्ही एकाच दाराने शिरतात, हे त्यांनी पाहिले होते. ते दार बंद करण्यासाठी आरंभी मोठ्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. एक वही, एक डबा आणि आजचे तीस रुपये एवढ्या साधनांनी कोणत्याही घरात या कामास आजच प्रारंभ करता येईल.